कॅप्टनचे टेबल, गावची पंगत आणि हक्काची जागा

मुंबईहून समुद्रात दोन-चार रात्री फिरवून आणणाऱ्या क्रूझच्या जाहिराती अलीकडे आपल्या तरुणांच्या मोबाइलवरही येतात. त्या जाहिरातींत समुद्रापेक्षा जेवणाची चित्रे जास्त असतात. साधे जेवण तिकिटातच धरलेले असते, त्यासाठी मोठे भोजनगृह सर्वांना खुले असते. पण त्याच जहाजावर दुसरे एक लहान दालन असते. तिथे मोजकी टेबले, वेगळा आचारी, वेगळे शुल्क. बुकिंग उघडताच ज्याने नाव घातले त्याला जागा, बाकीचे प्रतीक्षा यादीत. महागड्या खोल्या घेणाऱ्यांना बहुतेकदा आधी संधी. आणि त्याहूनही वर ‘कॅप्टनचे टेबल’. ते पूर्वापार पैशाने मिळत नाही. तिथे कोण बसेल ते जहाजाचे अधिकारी ठरवतात आणि निमंत्रणाची चिठ्ठी खोलीवर पाठवतात.

नोकरीला लागलेला, हातात चार पैसे खेळू लागलेला आपला मुलगा किंवा मुलगी त्या लहान दालनात जागा मिळवण्यासाठी धडपडत असेल, तर त्यात आम्हाला काहीही वावगे वाटत नाही. आंबेडकरी माणसाने चांगले खाऊ नये, चांगले कपडे घालू नयेत, असा उपदेश आपल्याला ज्यांनी केला ते कोण होते हे आपल्याला चांगले माहीत आहे. आमचा मुद्दा वेगळा आहे. ‘सगळ्यांना मिळत नाही’ हीच ज्या जेवणाची चव म्हणून विकली जाते, त्या जेवणाचा इतिहास आपण तरी विसरता कामा नये. कारण या देशात पंगतीतली जागा नाकारण्याचे शास्त्र हजारो वर्षे चालले, आणि ज्यांना ती नाकारली गेली ते आपले आजे-पणजे होते.

मित्रहो, जेवणाच्या जागा तीन प्रकारच्या असतात. एक दिलेली, दुसरी विकत घेतलेली आणि तिसरी हक्काची. या तिन्हींतला फरक ज्याला कळला त्याला बाबासाहेबांचे अर्धे राजकारण कळले, असे आम्ही म्हणतो. हा फरक आपल्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यापासून थेट लंडनला जाणाऱ्या जहाजांपर्यंत कसा दिसतो ते पाहू.

गावची पंगत

आपल्या जिल्ह्यातल्या गावात जेवणाची जागा जन्मानेच ठरलेली होती. पाटलाच्या घरचे लग्न असो, जत्रा असो की सप्ताह, पंगतीचा क्रम ठरलेला. महार-मांगांची पाळी शेवटी, जागा बाहेर, आणि वाढणे वरून, स्पर्श टाळून. येसकराची पाळी ज्याच्या घरी असेल त्याने दिवसभर राबायचे आणि संध्याकाळी दारोदार फिरून भाकरीचे तुकडे गोळा करायचे. त्याला ‘बलुतं’ म्हणत. नाव हक्काचे, रूप मात्र भिकेचे. अकोले तालुक्यातल्या धामणगावचे दया पवार यांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला हेच नाव दिले, तेव्हा मराठी साहित्याच्या दिवाणखान्यात एकच खळबळ उडाली. ज्यांच्या घरातून ते तुकडे वाढले गेले होते त्यांना आपल्याच उंबऱ्याची दुसरी बाजू पहिल्यांदा छापील स्वरूपात दिसली.

ही दिलेली जागा. तिच्यात पोट भरते, पण देणाऱ्याचा हात सदैव वर राहतो. म्हणूनच बाबासाहेबांनी मार्च १९२७ मध्ये महाडला आपल्या माणसांना केलेला उपदेश लक्षात घ्या. २० मार्चला चवदार तळ्याचे पाणी पिण्याचा हक्क बजावला गेला हे सर्वांना आठवते. पण त्याच परिषदेत त्यांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, उष्टे-शिळे मागणे सोडा, असेही सांगितले. याचा क्रम फार महत्त्वाचा आहे. ज्याला पंगतीत बरोबरीने बसायचे आहे त्याने आधी पंगतीचे उष्टे नाकारले पाहिजे. उष्टे घेणारा आणि पंगतीत बसणारा एकच माणूस असू शकत नाही. आपल्या वाडवडिलांनी त्या एका शब्दावर गावकी सोडली, पडसोडीची भांडणे अंगावर घेतली, बहिष्कार सोसले. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी जी जागा रिकामी केली, तिथूनच हक्काच्या जागेची वाट सुरू झाली.

प्रायश्चित्त कोणाला, बहिष्कार कोणाला

आता पंगतीच्या आतल्या बाजूला डोकावू. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातली काही प्रतिष्ठित मंडळी जमली होती. मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटे पुढे केली. न्यायमूर्ती रानडे, बाळ गंगाधर टिळक अशी बडी नावे तिथे होती. ख्रिस्त्यांच्या हातचा चहा घेतल्याची बातमी फुटली आणि पुण्यात ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, प्रायश्चित्ते झाली. टिळकांनी घेतले, रानड्यांनीही घेतले. समाजसुधारकांच्या गोटात त्यावरून मोठा वाद झाला.

या गोष्टीकडे इतिहासाची पुस्तके सुधारणेची अडचण म्हणून पाहतात. आपण ती दुसऱ्या टोकाने वाचू. परक्याच्या टेबलावर बसलेल्या ब्राह्मणाला जातीत परत येण्यासाठी रस्ता होता. काही विधी, काही दक्षिणा, की झाला शुद्ध. म्हणजे पंगतीतून बाहेर पडलेल्याला परत आत घेण्याची सोय शास्त्राने करून ठेवली होती. पण जो जन्मानेच बाहेर होता, त्याला आत येण्यासाठी एकही प्रायश्चित्त त्या शास्त्रात नव्हते. तो कितीही स्वच्छ राहिला, कितीही शिकला, कितीही दक्षिणा द्यायला तयार झाला, तरी नाही. जातीच्या पंगतीचे खरे कुलूप हे आहे.

समुद्र ओलांडण्याचेही तेच. समुद्रप्रवास म्हणजे धर्मबाह्य वर्तन, बोटीवरचे अन्न म्हणजे बाटलेले अन्न. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी हिंदुस्थानातले अनेक राजे इंग्लंडला निघाले. जयपूरचे महाराज माधोसिंह यांनी ‘ऑलिंपिया’ नावाचे अख्खे जहाज भाड्याने घेतले. परक्या पाण्याचा थेंबही पोटात जाऊ नये म्हणून चांदीचे प्रचंड कलश घडवून त्यांत गंगाजल भरून नेले. ते कलश आजही जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये पर्यटकांना दाखवले जातात. एका माणसाची जात समुद्रावर शाबूत राहावी म्हणून केलेला हा खर्च.

त्याच वर्षी, त्याच सोहळ्यासाठी आणखी एक राजा इंग्लंडला गेला होता. कोल्हापूरचे शाहू महाराज. ते इंग्लंडमध्ये असतानाच २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानाने मागासलेल्या वर्गांसाठी सरकारी नोकऱ्यांतल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. दोन राजे, एकच समुद्र. एकाने जहाजावर स्वतःची पंगत अधिक बंद करून घेतली. दुसऱ्याने घरी ठेवलेल्या राज्यातली पंगत उघडली. याच शाहू महाराजांनी पुढे गंगाराम कांबळे यांना कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथे जाऊन चहा घेतला. महाराजांसोबत असलेल्या सवर्ण मंडळींनाही तो चहा प्यावा लागला. पंचहौदच्या चहाने पुणे हादरले होते, पण तो चहा इंग्रजाच्या मिशनमधला होता. कोल्हापूरचा चहा एका महाराच्या हातचा होता. इतिहासात जास्त पाने कोणत्या चहाला मिळाली ते सांगायची गरज नाही.

नगरची एक भाकर

नगर शहरात अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ साली सुरू झाले. सिंथिया फरार यांच्या इथल्या संस्थेतच सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले. या मिशनमध्ये आलेल्यांत महार-मांग समाजातली माणसे मोठ्या संख्येने होती, थोडे ब्राह्मणही होते. प्रभुभोजनाच्या विधीत भाकर आणि पेला सर्वांना एकच. नगरच्या मातीत जातीची पंगत मोडण्याचा हा एक जुना प्रयोग म्हणावा लागेल. धर्म म्हणून आपली वाट वेगळी आहे, आपण बुद्धाकडे गेलो. पण ज्या काळात गावच्या विहिरीवर सावलीही चालत नव्हती, त्या काळात एका भाकरीचा अर्थ आपल्या पूर्वजांना काय वाटला असेल, हे समजून घ्यायला धर्म आड येऊ नये.

रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई त्यांच्याकडे नांदायला आल्या तरी बराच काळ त्यांनी आपले सोवळे सोडले नव्हते, स्वयंपाक-पाणी वेगळे ठेवले होते. नगर आणि राहुरीच्या वास्तव्यात त्यांच्या मनातली जात हळूहळू गळत गेली. जात देवाने केली नाही, माणसाने केली, या निष्कर्षाला त्या स्वतः येऊन पोहोचल्या. ‘स्मृतिचित्रे’मध्ये हा प्रवास त्यांनी कमालीच्या प्रामाणिकपणे, स्वतःवर हसत सांगितला आहे. त्यांच्याबद्दल आम्हाला आदर आहे.

तरीही एक प्रश्न विचारायला हवा. ज्या बाईने सोवळे सोडले तिची कथा मराठीत अभिजात ठरली. पण त्याच नगरमध्ये, त्याच चर्चमध्ये, ज्यांना शिवू नये म्हणून ते सोवळे होते, त्या महार-मांग ख्रिस्ती बायांना काय वाटत होते? आपल्या हातचे पाणी समोरची बाई घेत नाही आणि मग एक दिवस घेते, हे पाहणाऱ्या त्या डोळ्यांची कथा कुठे आहे? खाली उतरून आलेल्याची नोंद इतिहास आवर्जून ठेवतो. आधीपासून खाली ठेवल्या गेलेल्याची नोंद ठेवायला त्याला दया पवारांपर्यंत थांबावे लागते.

दुप्पट भाडे आणि दीड रुपया

आता विकत घेतलेल्या जागेकडे येऊ. पैसा असला की जात विचारत नाहीत, असे आपल्यातलेच काही शिकलेले लोक म्हणू लागले आहेत. बाबासाहेबांचे आयुष्य या म्हणण्याला उत्तर देते.

१९०१ साली लहानगा भीमराव, भाऊ आणि भाच्यासह वडिलांना भेटायला साताऱ्याहून कोरेगावला निघाला. मसूर स्टेशनवर मुले महार आहेत हे कळताच कुणी बैलगाडी देईना. शेवटी दुप्पट भाडे कबूल केले तेव्हा एक गाडीवान तयार झाला, तोही गाडी मुलांनीच हाकायची आणि आपण पायी चालायचे या अटीवर. सोबत जेवणाचा डबा होता. पण पाणी कुणी देईना, म्हणून डबा जवळ असून मुले उपाशी झोपली. दुप्पट पैसे मोजले, तरी घोटभर पाणी मिळाले नाही.

१९१३ साली तेच भीमराव समुद्र ओलांडून न्यूयॉर्कला गेले. त्या काळच्या आगबोटींवर वर्ग होते, पहिल्या वर्गाचे भोजनगृह वेगळे, दुसऱ्याचे वेगळे. गोऱ्यांचा रंगाचा माजही होता. पण ज्या वर्गाचे तिकीट त्या वर्गाच्या टेबलावर जागा, एवढा नियम तरी होता. तुझी जात कोणती, असे विचारून जागा ठरवण्याची पद्धत तिथे नव्हती. परदेशातल्या त्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवले आहे.

आणि मग १९१७. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला हा माणूस बडोद्याला नोकरीवर रुजू झाला. राहायला जागा मिळेना. एका पारशी खाणावळीत रोज दीड रुपया देऊन, पारशी नाव सांगून, ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि सायंकाळपर्यंत जागा खाली करायला लावली. जगाच्या पाठीवर जो माणूस कोणत्याही टेबलावर बसू शकत होता, त्याला आपल्या देशात पैसे मोजूनही खोली मिळाली नाही.

यातून एवढे समजून घ्या. विकत घेतलेली जागा पैशावर चालते, पण ती विकणाऱ्याच्या मर्जीवरही चालते. त्याला तुमची जात कळेपर्यंतच ती तुमची. आपल्या जिल्ह्यातली मे २०१५ मधली शिर्डीची घटना आठवा. मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून वाद झाला आणि नर्सिंगचे शिक्षण घेणाऱ्या आपल्या एका तरुणाचा जीव घेतला गेला. तो दुकानात पैसे देऊन बसलेला गिऱ्हाईकच होता. खिशातला पैसा त्याला वाचवू शकला नाही, कारण मोबाइलने त्याची ओळख सांगितली होती.

जेवणाच्या टेबलावरून गोलमेजाकडे

४ ऑक्टोबर १९३० रोजी बाबासाहेब ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ या पी. अँड ओ. कंपनीच्या बोटीने मुंबईहून निघाले. ही बोट त्या काळात नवीकोरी आणि आलिशान गणली जात होती, आत पोहण्याचा तलावही होता. पण तिच्या भोजनगृहात बसायला मिळावे म्हणून बाबासाहेब निघाले नव्हते. त्यांना दुसऱ्याच टेबलावर बसायचे होते. १२ नोव्हेंबरला लंडनमध्ये गोलमेज परिषद सुरू झाली आणि हिंदुस्थानच्या भवितव्याची चर्चा जिथे होणार त्या टेबलाभोवती अस्पृश्यांचे प्रतिनिधी पहिल्यांदा स्वतःच्या नावाने बसले. पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला ‘मुलतान’ बोटीने ते दुसऱ्या परिषदेला गेले. गांधीजी त्यानंतर दोन आठवड्यांनी ‘राजपुताना’ बोटीने निघाले. त्या परिषदेत अस्पृश्यांच्या वतीने कोण बोलणार यावर दोघांचा जो संघर्ष झाला तो सर्वांना ठाऊक आहे.

तो संघर्ष जागेच्या स्वरूपाचा होता. ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्यात अस्पृश्यांना प्रांतिक विधिमंडळांत ७१ जागा आणि स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. २४ सप्टेंबरच्या पुणे करारात जागा १४८ झाल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ गेले. आकडा दुपटीहून वाढला. मात्र त्या जागेवर शेवटी कोण बसेल हे ठरवण्याची किल्ली सर्वांच्या एकत्रित मतदानाकडे, म्हणजे बहुसंख्य सवर्ण मतदारांकडे गेली. कॅप्टनच्या टेबलाचा नियम इथे आठवा. टेबल मोठे झाले, खुर्च्या वाढल्या, पण निमंत्रणाची चिठ्ठी लिहिणारा हात बदलला.

त्याही परिस्थितीत आपल्या लोकांनी जागा लढवून मिळवल्या. बाबासाहेबांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १९३७ च्या निवडणुकीत नगर जिल्ह्यातून प्रभाकर जनार्दन रोहम त्या पक्षाचे आमदार म्हणून मुंबई विधानसभेत गेले. ज्या जिल्ह्यात पंगतीच्या शेवटी बसवले जात होते, त्या जिल्ह्यातून एक माणूस कुणाच्या मेहरबानीशिवाय, आपल्या पक्षाच्या झेंड्याखाली, कायदे करणाऱ्या सभागृहात बसला. आजच्या काळात बड्या पक्षांच्या स्नेहभोजनाला बोलावणे आले म्हणून फुशारून जाणाऱ्या आपल्या पुढाऱ्यांनी रोहमांचे नाव आठवावे. बोलावून दिलेली खुर्ची उठवूनही घेता येते.

टेबलाखालचे जहाज

आणखी एक गोष्ट जहाजाच्या पोटातली. या बोटींच्या वरच्या मजल्यावर चांदीच्या काट्या-चमच्यांनी जेवणे होत, तेव्हा खाली कोळसा ओढणारे, डेक धुणारे, वाढणारे हजारो हात हिंदुस्थानी होते. पी. अँड ओ.च्या बोटींवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान डेकवर, गोव्याचे ख्रिस्ती आचारी आणि वाढपी भोजनगृहात, अशी कामाची वाटणी बरीचशी ठरून गेलेली होती. त्यांना लास्कर म्हणत. गोऱ्या खलाशांच्या तुलनेत त्यांचा पगार कितीतरी कमी आणि राहण्याची जागा अधिक कोंदट. बोट सुटेपर्यंत गोयकार खलाशी मुंबईतल्या आपापल्या गावाच्या ‘कूड’मध्ये दाटीवाटीने राहत.

हे सांगायचे कारण असे की आजच्या क्रूझवरही खास दालनाच्या मागे एक स्वयंपाकघर असते आणि तिथे महिनोन्‌महिने घर सोडून राबणारी माणसे असतात. बाबासाहेबांनी पक्षाला ‘मजूर’ हे नाव उगाच दिले नव्हते. त्या टेबलावर बसलेल्या आंबेडकरी तरुणाला वाढणाऱ्याचा चेहरा दिसला नाही, त्याच्याशी तो तुसडेपणाने बोलला, तर त्याने जागा मिळवली आणि वारसा हरवला, असे आम्ही म्हणू.

एका पंगतीने जात मरते का?

काही मंडळी म्हणतील, आता कोण कुणाला पंगतीतून उठवतो? सगळे हॉटेलात एकत्र खातात. जात संपली.

या भ्रमाला बाबासाहेबांनी १९३६ सालीच उत्तर देऊन ठेवले आहे. सहभोजनाचे मोल त्यांना माहीत होते. १९२७ मध्ये स्थापन झालेल्या समाज समता संघाने सहभोजने घडवून आणली होती. पण ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’ या भाषणात त्यांनी स्पष्ट मांडले की सहभोजनाने जातीची जाणीव मरत नाही. आंतरजातीय विवाह हा त्याहून खरा उपाय आहे, आणि त्याच्याही मुळाशी जाऊन ज्या शास्त्रांनी जातीला पावित्र्य दिले त्या शास्त्रांवरची श्रद्धा मोडली पाहिजे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाला हे विचार पेलवले नाहीत आणि ते संमेलनच रद्द झाले. जात तोडायला निघालेल्यांच्या व्यासपीठावरही बाबासाहेबांना जागा मिळाली नाही, यापेक्षा बोलका पुरावा कोणता?

त्याचा अर्थ आपल्या जिल्ह्याने रक्ताने शिकवला. १ जानेवारी २०१३ रोजी नेवासा तालुक्यातल्या सोनई येथे प्रेमसंबंधाच्या रागातून मेहतर समाजातल्या तीन तरुणांची क्रूर हत्या झाली. जानेवारी २०१८ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. चहा एका टपरीवर प्यायलेला चालतो. एका ताटात जेवलेलेही कधी कधी चालते. पण मुलीने आपला जोडीदार स्वतः निवडला की जात कोयता काढते. टेबलावर मिळालेली जागा म्हणजे घरात मिळालेली जागा नसते.

हक्काची जागा

मग टेबलावरच्या जागेला काहीच किंमत नाही का? आहे. म्हणून तर ती संविधानात लिहावी लागली. अनुच्छेद १५(२) मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांत प्रवेश नाकारता येणार नाही असे म्हटले आहे. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याला पुढे नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळाले. त्यात उपाहारगृहातली भांडी वापरण्यापासून अडवणे हादेखील गुन्हा आहे. वेगळा कप ठेवणाऱ्या टपरीवाल्यासाठीच हे कलम आहे. आणि त्या कायद्यातली ‘जागा’ या शब्दाची व्याख्या तरुणांनी मुद्दाम वाचावी. तिच्यात घर, इमारत यांच्यासोबत तंबू, वाहन आणि जलयानही येते. म्हणजे गावच्या टपरीपासून समुद्रातल्या जहाजापर्यंत कायद्याचा हात पोहोचतो. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने गुन्ह्यांची यादी दिली, तेव्हा तिच्यात पहिलाच गुन्हा होता आपल्या माणसाला न खाण्याजोगा पदार्थ खायला-प्यायला लावण्याचा. या देशात जातीचा पहिला वार तोंडातल्या घासावर होतो, हे कायद्यालाही ठाऊक होते.

दुसरा आधार त्याहून जुना आहे. विनयपिटकात एक प्रसंग आहे. भगवान बुद्ध भिक्खूंना विचारतात, उत्तम आसन, उत्तम पाणी आणि उत्तम अन्न कोणाला मिळावे? कुणी म्हणतो क्षत्रियकुळातून आलेल्याला, कुणी म्हणतो ब्राह्मणकुळातून आलेल्याला. तेव्हा बुद्ध तित्तिर पक्षी, माकड आणि हत्ती या तीन मित्रांची कथा सांगतात आणि नियम घालून देतात की मान ज्येष्ठतेने ठरेल, कुळाने ठरणार नाही. संघात जो आधी आला तो ज्येष्ठ. म्हणूनच शाक्य कुमारांच्या आधी दीक्षा घेतलेल्या उपाली या न्हाव्याला त्या राजकुमारांनी वंदन केले. पंगतीचा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वी असा सोडवलेला होता. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेब आपल्याला घेऊन ज्या घरी परतले ते हे घर आहे.

तेव्हा आंबेडकरी तरुणांना आमचे सांगणे एवढेच. ऐपत असेल तर जहाजावर जा, खास टेबलाची जागाही मिळवा, ताठ मानेने बसा. रिंगटोन बदलू नका, आडनाव लपवू नका. बडोद्याला बाबासाहेबांना नाव बदलून राहावे लागले, ती पाळी आपल्यावर येऊ नये म्हणूनच त्यांनी पुढची चाळीस वर्षे झिजवली. पण त्या टेबलाला मुक्ती समजू नका. गावी परत याल तेव्हा आपल्या गावच्या सप्ताहात, लग्नात, शाळेच्या पोषण आहारात, टपरीवरच्या कपात कोणाची जागा कुठे आहे ते डोळे उघडे ठेवून पाहा. वेगळी पंगत, वेगळा कप दिसला तर गप्प बसू नका. तारीख, वेळ, साक्षीदार लिहून घ्या, चार जण मिळून जा, तक्रार नोंदवा. पोलीस टाळाटाळ करू लागले तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. समाजकल्याण खात्याला आणि जिल्हा दक्षता समितीला प्रत पाठवा.

जी जागा थोड्यांनाच मिळते म्हणून गोड लागते, तिची गोडी आपल्याला वारशात मिळालेली नाही. आपला वारसा चवदार तळ्याचा आहे. त्या तळ्याचे पाणी इतर पाण्यापेक्षा चवीला वेगळे होते म्हणून कुणी तिथे गेले नव्हते. ते सर्वांचे होते, म्हणून गेले होते.

जय भीम!